व्यक्तिचित्राचे भिंग आणि 'त्रयस्थ' कारागीर

'थर्ड पार्टी' हा शब्दप्रयोग आपल्याकडे बहुतेकांना ठाऊक आहे तो मोटारीच्या विम्यामुळे. विम्याच्या करारात विमा उतरविणारा हा पहिला पक्ष, विमा कंपनी हा दुसरा, आणि ज्याला गाडीचा धक्का लागण्याचा संभव आहे असा रस्त्यावरचा कोणीही इसम हा तिसरा. छायाचित्रणाच्या व्यवहारात हाच शब्द आला तेव्हा त्याचा अर्थ थोडा फिरला. कॅमेरा बनविणारी कंपनी हा एक पक्ष, तो विकत घेणारा हा दुसरा, आणि त्या कॅमेऱ्याला बसेल असे भिंग बनवून विकणारा बाहेरचा कारखानदार हा तिसरा. मराठीत त्याला 'त्रयस्थ' म्हणावे असे सहज मनात येते. परंतु 'त्रयस्थ' ह्या शब्दाला आपल्याकडे निःपक्षपातीपणाची जी छटा आहे ती येथे मुळीच लागू पडत नाही. हा त्रयस्थ सौद्यात पुरेपूर गुंतलेला असतो. जपानी भाषेत कॅमेरा कंपनीच्या स्वतःच्या भिंगास 'जुनसेइ', म्हणजे शुद्ध अथवा अस्सल, असे विशेषण लावतात, आणि सिग्मा, तामरॉन, तोकिना ह्यांसारख्या बाहेरच्या उत्पादकांना नुसते 'लेन्स मेकर', म्हणजे भिंगकार, म्हणतात. आपल्या बाजारात सुट्या भागांच्या दुकानी 'कंपनीचा' आणि 'लोकल' अशी जी विभागणी ऐकू येते तिचा रोख 'जुनसेइ'च्याच दिशेचा आहे.

मिररलेस कॅमेरा घेतलेला एखादा विद्यार्थी व्यक्तिचित्रणासाठी परवडेल असे भिंग शोधू लागला की ही विभागणी त्याच्यापुढे प्रथम उभी राहते, आणि तिच्या मुळाशी भिंगाचा दर्जा असला पाहिजे असे तो धरून चालतो. प्रस्तुत लेखात असे दाखविण्याचा प्रयत्न आहे की ही विभागणी काचेतून निघालेली नाही. भिंग ज्या खोबणीत बसते, ज्याला छायाचित्रकार 'माउंट' म्हणतात, त्या सांध्याची मालकी कोणाकडे, ह्या प्रश्नातून ती निघाली आहे. हा प्रश्न पुढे ठेवून पाहिले तर भिंगाची निवडही निराळ्या क्रमाने करावी लागते.

व्यक्तिचित्रणाच्या भिंगाचा इतिहास १८४० साली व्हिएन्नात सुरू होतो. त्याच्या आदल्या वर्षी दागेर ह्यांनी आपली पद्धत पॅरिसमध्ये जाहीर केली होती. पण तिच्या कॅमेऱ्यास जोडलेले शेव्हालिए ह्यांचे भिंग अतिशय मंद होते. भिंगाचा वेग म्हणजे त्याचे नाभीय अंतर भागिले प्रकाश आत घेणाऱ्या छिद्राचा व्यास. हा आकडा जितका लहान तितका प्रकाश अधिक. शेव्हालिए ह्यांच्या भिंगाचा आकडा सुमारे १५ होता, म्हणजे एफ/१५. अशा भिंगासमोर माणसाला भर उन्हात कित्येक मिनिटे निश्चल बसावे लागे. इमारतीचे चित्र त्याने उत्तम येई, माणसाचे येत नसे. भौतिकीचे अध्यापक एटिंग्सहाउझेन ह्यांनी पॅरिसमध्ये हे सर्व पाहिले होते. व्हिएन्ना विद्यापीठातील आपले गणिती सहकारी योझेफ पेट्झवाल ह्यांच्यापुढे त्यांनी ही अडचण मांडली.

पेट्झवाल ह्यांनी जे केले ते भिंगांच्या इतिहासात तोवर कोणी केलेले नव्हते. काचा घासून, लावून, पाहून, पुन्हा घासून भिंग सुधारावयाचे ही कारागिरांची रीत. पेट्झवाल ह्यांनी भिंग आधी कागदावर गणिताने सिद्ध केले. आकडेमोड प्रचंड होती. तिच्यासाठी आर्चड्यूक लुडविग ह्यांनी तोफखान्यातील गणितात तरबेज सैनिक त्यांच्या दिमतीस दिले. तोफेच्या गोळ्याचा मार्ग मोजणारी माणसे काही महिने प्रकाशकिरणाचा मार्ग मोजत बसली, ही हकीकत मला त्या शतकातील विज्ञानाच्या इतिहासात फार बोलकी वाटते. १८४० साली जे भिंग तयार झाले ते एफ/३.६ चे होते. एफ/१५ च्या मानाने हा प्रकाश सुमारे सतरा पट. कित्येक मिनिटांची बैठक एका मिनिटाच्या आत आली, आणि माणसाचा चेहरा हा छायाचित्रणाचा विषय होऊ शकला.

ह्या भिंगात एक उणीव होती, आणि तिची गोष्ट आजच्या खरेदीदारालाही उपयोगी आहे. त्याचे प्रतिमाक्षेत्र सपाट नव्हते, वाटीसारखे वक्र होते. मध्यभाग अत्यंत रेखीव, कडेला सर्व काही विरघळत गेलेले. नकाशाची अथवा इमारतीची प्रत काढण्यास असे भिंग निरुपयोगी. चेहऱ्यास मात्र ते मानवले, कारण चेहरा मध्येच असतो आणि कडा विरल्याने तो उठून दिसतो. ही उणीव पेट्झवाल ह्यांच्या नजरेतून सुटली होती असे समजू नये. प्रतिमाक्षेत्राच्या वक्रतेचा जो नियम आजही भिंगशास्त्रात 'पेट्झवालची बेरीज' ह्या नावाने शिकविला जातो, तो त्यांचाच. काय साधावयाचे आणि त्यासाठी काय सोडून द्यावयाचे ह्याचा हिशेब त्यांच्यापाशी पक्का होता.

भिंग घडविले ते फोइग्टलेंडर ह्यांच्या जुन्या व्हिएन्नी कारखान्याने. पेट्झवाल ह्यांना मोबदला मिळाला एकदाच, दोन हजार गुल्डन, नफा कारखान्याचा. पुढे दोघांचे बिनसले ह्यात आश्चर्य नाही. ऑस्ट्रियाबाहेर ह्या रचनेला पेटंटाचे संरक्षण नव्हते, त्यामुळे काही वर्षांतच पॅरिस, लंडन आणि न्यू यॉर्क येथील भिंगकार तिच्या प्रती काढू लागले. पॅरिसचे दार्लो, न्यू यॉर्कचे हॅरिसन ही त्यांतली ठळक नावे. लंडनच्या डालमायर ह्यांनी १८६६ साली मागच्या काचांचा क्रम बदलून, चित्रकारास हवी तेवढी मृदुता आणता येईल अशी सुधारलेली आवृत्ती काढली. ह्या सर्वांना आजच्या परिभाषेत काय म्हणावे? ते नक्कलकार होते, स्पर्धक होते. 'थर्ड पार्टी' मात्र नव्हते. कारण तो शब्द लागू होण्यास ज्याची गरज आहे तो पहिला पक्षच अस्तित्वात नव्हता. कॅमेरा ही सुताराने केलेली लाकडी पेटी. तिच्या पुढच्या फळीला भोक पाडावयाचे, भिंगाबरोबर आलेली पितळी चकती त्यावर स्क्रूंनी बसवावयाची, आणि त्या चकतीत भिंग फिरवून घट्ट करावयाचे. ही चकती भिंगाची असे, पेटीची नव्हे. सांध्याचा मालक कोणी असलाच तर तो भिंगकार होता. फोइग्टलेंडर ह्यांनी १८४१ साली काढलेला पितळी कॅमेराही भिंगासाठी केलेलीच पेटी होती. कॅमेऱ्याची कंपनी आणि तिचे 'अस्सल' भिंग ही जोडी त्या काळच्या छायाचित्रकाराला सांगूनही कळली नसती.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोडॅकने भिंग पेटीतच कायमचे बसवून टाकले, आणि सामान्य ग्राहकापुरता हा प्रश्न काही काळ मिटला. तो पुन्हा उभा राहिला लहान फिल्मच्या लायका कॅमेऱ्यामुळे. १९२५ च्या पहिल्या लायकाचे भिंगही न निघणारेच होते. १९३० साली बदलता येणारी भिंगे आली, पण प्रत्येक भिंग त्या त्या कॅमेऱ्याशी कारखान्यातच जुळवून द्यावे लागे; एका लायकाचे भिंग दुसऱ्या लायकावर बिनचूक चालेलच अशी हमी नव्हती. १९३१ साली हे अंतर प्रमाणित झाले. ३९ मिलिमीटर व्यासाचे आटे, आणि भिंगाच्या बैठकीपासून फिल्मपर्यंत २८.८ मिलिमीटर. आकडा निश्चित झाला की तो मोजताही येतो. लायकाने आपल्या सोयीसाठी जे प्रमाण घातले त्याच प्रमाणाने बाहेरच्या भिंगकारासाठी दार उघडले गेले. ह्या अर्थाने 'थर्ड पार्टी' भिंगाचा जन्म १९३१ चा मानण्यास हरकत नाही.

ह्याच दशकात व्यक्तिचित्रणासाठी सुमारे ८५ मिलिमीटरचे भिंग हा संकेत रूढ होऊ लागला. त्यामागील कारण अनेक विक्रेते चुकीचे सांगतात. चेहऱ्याची ठेवण भिंगावर अवलंबून नसते, अंतरावर असते. २४ गुणिले ३६ मिलिमीटरच्या उभ्या चौकटीत माणसाचे डोके आणि खांदे घ्यावयाचे असतील, तर ३५ मिलिमीटरच्या भिंगाने साधारण साठ सेंटिमीटरवर जावे लागते, ५० ने नव्वदवर, आणि ८५ ने दीड मीटरवर उभे राहता येते. साठ सेंटिमीटरवरून पाहिले असता नाक कानापेक्षा प्रमाणाबाहेर जवळ असते, म्हणून ते मोठे दिसते. दीड मीटर हे दोन माणसांनी समोरासमोर बसून बोलण्याचे अंतर. त्या अंतरावरचा चेहराच आपल्या ओळखीचा असतो. झाइसच्या कॉन्टॅक्स कॅमेऱ्यासाठी लुडविग बेर्टेले ह्यांच्या 'सोनार' रचनेचे साडेआठ सेंटिमीटरचे एफ/२ भिंग आले आणि पुढील अनेक भिंगांचे ते कुलपुरुष ठरले. सोनारमध्ये काचा एकमेकींस चिकटवून हवेशी येणारे पृष्ठभाग कमी ठेवले होते. परावर्तनरोधक लेप येण्यापूर्वीच्या काळात ह्यामुळे प्रतिमा धुरकट होण्यापासून वाचे.

ह्या घराण्यातील एका भिंगाची हकीकत थोडी विस्ताराने सांगितली पाहिजे.

तोकियोच्या निप्पॉन कोगाकू ह्या कंपनीने, म्हणजे आजच्या निकॉनने, आरंभी स्वतःचे कॅमेरे काढलेच नव्हते. १९३६ च्या 'हान्सा कॅनन' ह्या कॅननच्या पहिल्या विक्रीच्या कॅमेऱ्यावरील भिंग निप्पॉन कोगाकूचे निक्कोर होते. आज ज्या दोन कंपन्या एकमेकींच्या माउंटला शिवत नाहीत, त्यांतील एकीचा संसार दुसरीच्या भिंगावर सुरू झाला. युद्धानंतर निप्पॉन कोगाकूने निकॉन कॅमेराही काढला. पण त्याबरोबर लायकाच्या आट्यांत बसणारी निक्कोर भिंगेही ती विकत होती. साडेआठ सेंटिमीटरचे एफ/२ निक्कोर त्यांपैकी एक. रचना सोनारच्या वळणाची.

१९५० साली 'लाइफ' साप्ताहिकाचे छायाचित्रकार डेव्हिड डग्लस डंकन तोकियोत होते. जुन मिकी ह्या तरुण जपानी सहकाऱ्याने आपल्या लायकावर हे निक्कोर चढवून घरातल्याच उजेडात डंकन ह्यांचे एक व्यक्तिचित्र टिपले. जपानी भिंगाबद्दल त्या वेळी पाश्चात्त्य व्यावसायिकांचे मत काय होते हे सांगावयास नको. डंकन ह्यांनी प्रत हाती घेतली आणि तिची रेखीवता पाहून ते चकित झाले. त्यानंतर ते निप्पॉन कोगाकूच्या कारखान्यात गेले, आपली जर्मन भिंगे तेथील निक्कोरांच्या शेजारी ठेवून त्यांनी तपासणी करविली, आणि निक्कोर भिंगे विकत घेतली. जूनअखेर कोरियाचे युद्ध पेटले. तेथील त्यांची छायाचित्रे ह्याच भिंगांनी काढलेली आहेत. १९५१ साली त्यांचे 'धिस इज वॉर!' हे पुस्तक निघाले. तत्पूर्वी, १९५० च्या डिसेंबरात, न्यू यॉर्क टाइम्सनेही ह्या जपानी भिंगांची दखल घेतली होती.

ही कथा निकॉनच्या यशाची कथा म्हणून नेहमी सांगितली जाते, आणि तशी ती आहेही. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने तिचे मर्म निराळे आहे. डंकन ह्यांनी तेव्हा कॅमेरा बदलला नाही, भिंग बदलले. जर्मन कॅमेऱ्याला जपानी भिंग, तेही जर्मन रचनेवर बेतलेले. म्हणजे आजच्या दुकानदाराच्या भाषेत निखळ 'लोकल' माल. विसाव्या शतकातील सर्वांत नावाजलेले थर्ड पार्टी भिंग हे व्यक्तिचित्रणाचे भिंग होते, आणि ते बनविणारी कंपनी पुढे स्वतःच 'अस्सल'पणाची मोठी मालक झाली. दर्जा बदलला नव्हता. सांध्याच्या कोणत्या बाजूस ती उभी आहे हे बदलले.

त्याच सोनारची दुसरी शाखा सोव्हिएत संघात वाढली. जर्मनीच्या पराभवानंतर कॉन्टॅक्सची यंत्रसामग्री कीव्हला गेली, आणि ८५ मिलिमीटरचे सोनार सोव्हिएत कारखान्यांतून 'युपिटर-९' ह्या नावाने निघू लागले. पंधरा पाकळ्यांच्या छिद्रामुळे त्याची पार्श्वभूमी गोलसर आणि मऊ येते. किंमत कमी, नगागणिक फरक मात्र फार. आजही जुन्या बाजारात ते सापडते. घेताना आतील वंगण वाळलेले नाही ना, एवढे तरी स्वतः फिरवून पाहावे.

पन्नास-साठच्या दशकांतला सर्वांत उदार सांधा म्हणजे ४२ मिलिमीटरचे आटे. १९४९ च्या ड्रेस्डेनच्या कॉन्टॅक्स एसवर तो होता, प्राक्टिकाने तो चालविला, १९५७ साली जपानच्या पेंटॅक्सने घेतला. एकाच आट्यांना कोणी प्राक्टिकाचे आटे म्हणे, कोणी पेंटॅक्सचे. मालकी निश्चित नसली की नावही स्थिरावत नाही, हे भाषेच्या अभ्यासकांस परिचयाचे आहे. त्याच वर्षी, १९५७ मध्ये, आजची तामरॉन कंपनी जिची वारस आहे त्या ताइसेइ कोगाकूने आणखी एक युक्ती काढली. भिंग एकच ठेवावयाचे आणि मागे निरनिराळ्या कॅमेऱ्यांसाठी निरनिराळे जोडकडे लावावयाचे. टी-माउंट म्हणून प्रसिद्ध झालेल्या ह्या कल्पनेने स्वतंत्र भिंगकाराला एका साच्यात अनेक बाजारपेठा मिळवून दिल्या. १९७९ चे तामरॉनचे ९० मिलिमीटर एफ/२.५ हे ह्याच परंपरेतील भिंग. ते जवळच्या वस्तूंसाठी काढलेले, पण व्यक्तिचित्रणासाठीही नावाजले गेले.

१९८५ साली मिनोल्टाने स्वयंचलित फोकसची पद्धत कॅमेऱ्यात बसविली, १९८७ साली कॅननने ईएफ माउंट आणला, आणि सांध्याचे स्वरूप पालटले. आता केवळ आटे आणि अंतर जुळून भागेना. कॅमेरा आणि भिंग विजेच्या संकेतांनी एकमेकांशी बोलू लागले, आणि ह्या बोलीचे व्याकरण कंपनीने कोणालाही दिले नाही. बाहेरच्या भिंगकारापुढे आता जे काम आले ते अलिखित भाषेचा अभ्यास करणाऱ्या भाषाशास्त्रज्ञाच्या कामाहून फारसे वेगळे नाही. निवेदकाची वाक्ये टिपून घ्यावयाची, कोणत्या प्रश्नाला कोणते उत्तर येते ते पाहावयाचे, आणि नियम अनुमानाने बांधावयाचे. ह्या रीतीचा दोषही आपणांस ठाऊक आहे. जी वाक्ये ऐकलीच नाहीत त्यांविषयी अनुमान तोंडघशी पडते. जुनी काही सिग्मा भिंगे कॅननच्या नंतरच्या कॅमेऱ्यांवर चालेनाशी झाली ती ह्याच कारणाने. नव्या कॅमेऱ्याने जुन्याच भाषेतले, पण पूर्वी न वापरलेले वाक्य उच्चारले, आणि भिंगाला ते कळले नाही. त्यातील काचा होत्या तितक्याच चांगल्या होत्या. बाहेरच्या भिंगांविषयी आज जो अविश्वास आढळतो त्याचा बराच भाग ह्या काळातला आहे.

२००८ साली ऑलिम्पस आणि पॅनासॉनिक ह्यांनी मायक्रो फोर थर्ड्स ही पद्धत जाहीर केली आणि पॅनासॉनिकचा जी १ हा कॅमेरा आला; २०१३ साली सोनीने पूर्ण चौकटीचा अल्फा ७ आणला. कॅमेऱ्यातील आरसा गेला आणि त्याबरोबर त्याला लागणारी जागाही गेली. सोनीच्या ई माउंटपासून सेन्सरपर्यंतचे अंतर १८ मिलिमीटर, निकॉनच्या झेड माउंटचे १६, कॅननच्या आरएफचे २०. लायकाच्या जुन्या आट्यांचे २८.८ आणि ४२ मिलिमीटरच्या आट्यांचे ४५.४६ होते हे आठवावे. म्हणजे सोनीच्या कॅमेऱ्यावर १०.८ मिलिमीटर जाडीचे एक पोकळ कडे चढविले की १९५० चे निक्कोर बसते, आणि २७.४६ मिलिमीटरचे चढविले की ४२ च्या आट्यांतले युपिटर-९. ह्या कड्यांत काच नसते, वीज नसते. आरसा गेल्यामुळे साठ-सत्तर वर्षांची भिंगे एकाएकी पुन्हा उमेदवार झाली. फोकस हाताने करावा लागतो एवढेच.

दुसरा परिणाम कमी बोलला जातो, पण परवडणाऱ्या भिंगाच्या दृष्टीने तो अधिक महत्त्वाचा आहे. आरशाच्या कॅमेऱ्यात फोकस मोजणारा संवेदक निराळा आणि चित्र घेणारा निराळा असे. दोहोंत सूक्ष्म तफावत असली की भिंग डोळ्याऐवजी कानावर स्थिरावे. कंपनी स्वतःच्या भिंगांसाठी ही तफावत जुळवून घेई. बाहेरच्याला ते कठीण जाई. सिग्माने २०१३ साली ग्राहकाला घरच्या घरी ही दुरुस्ती करता यावी म्हणून एक वेगळे उपकरणच काढले. मिररलेस कॅमेऱ्यात चित्र घेणारा सेन्सरच फोकस मोजतो. ही तफावत मुळातूनच नाहीशी झाली, आणि तिच्याबरोबर बाहेरच्या वेगवान भिंगावरचा सर्वांत रास्त आक्षेपही.

आता निवडीकडे वळू. भिंगाची परीक्षणे वाचण्यापूर्वी आपल्या माउंटचा करार पाहावा. सोनीने २०११ साली ई माउंटची मूलभूत माहिती इतर उत्पादकांना विनाशुल्क देण्याचे जाहीर केले. म्हणून त्या माउंटसाठी सिग्मा, तामरॉन, सामयांग, व्हिल्ट्रॉक्स सर्वांची भिंगे मिळतात. (वेगवान सोनी कॅमेऱ्यांत बाहेरचे भिंग लावले असता सलग चित्रांचा वेग सेकंदाला १५ पर्यंतच राहतो, ही मेख आहे, व्यक्तिचित्रणात ती कोणास बोचेल असे वाटत नाही.) २०१८ साली लायका, पॅनासॉनिक आणि सिग्मा ह्यांनी एल माउंटचा संघ स्थापिला. येथे एक मौज आहे. सिग्माने २०२० साली ८५ मिलिमीटरचे एफ/१.४ भिंग ई आणि एल अशा दोन्ही माउंटांत काढले. काचा त्याच, कारखाना तोच. पहिल्या रूपात ते तिसऱ्या पक्षाचे, दुसऱ्या रूपात करारातील भागीदाराचे. थर्ड पार्टी ही संज्ञा भिंगाचा गुण सांगत नाही, ह्याला ह्याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

ह्याच भिंगावरून किमतीचाही अंदाज येतो. सोनीचे २०१६ चे ८५ मिलिमीटर एफ/१.४ निघाले तेव्हा अमेरिकेत सुमारे १८०० डॉलरांना होते, वजन ८२० ग्रॅम. सिग्माचे सुमारे १२०० डॉलरांना, वजन सुमारे ६३० ग्रॅम. परंतु सोनीनेच २०१७ साली एफ/१.८ चे भिंग सुमारे ६०० डॉलरांना आणले, अवघे ३७१ ग्रॅम वजनाचे. बाहेरचे म्हणजे स्वस्त हे समीकरण येथे कोसळते. माझ्या मते ज्या माउंटचे दार उघडे असते त्याच्या मालकालाही भाव आवरता ठेवावा लागतो. विद्यार्थ्याने एफ/१.४ चा हव्यास धरू नये. दीड मीटरवरून एफ/१.८ ला एक डोळा रेखीव आणि दुसरा पुसट अशी स्थिती सहज येते. ह्याहून उथळ खोली क्वचितच हवी असते.

लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर हिशेब बदलतो. तेथे ५६ मिलिमीटरचे भिंग ८४ इतका कोन दाखविते. सिग्माचे २०१८ चे ५६ मिलिमीटर एफ/१.४ वजनाने २८० ग्रॅम आहे, आणि त्याच्या छिद्राचा व्यास ४० मिलिमीटर. पेट्झवाल ह्यांच्या मूळ भिंगाचे नाभीय अंतर सुमारे १५० मिलिमीटर होते, त्यास ३.६ ने भागल्यास सुमारे ४२ येतात. १८० वर्षांत चेहऱ्यासाठी लागणारी खिडकी जवळजवळ तेवढीच राहिली आहे.

पार्श्वभूमीच्या पुसटपणाविषयी आजचे खरेदीदार फार चर्चा करतात आणि त्यासाठी 'बोके' हा जपानी शब्द वापरतात. इंग्रजीत त्याच्या शेवटी एक जादा 'एच' असतो. तो १९९७ साली 'फोटो टेक्निक्स' ह्या नियतकालिकाचे संपादक माइक जॉन्स्टन ह्यांनी उच्चार बिघडू नये म्हणून जोडला. देवनागरीला त्या कुबडीची गरज नाही. अडचण एवढीच की मराठीत बोके म्हटले की मांजरांची आठवण होते. भिंग घेताना मात्र ह्या पुसटपणाच्या प्रमाणापेक्षा त्याची जात पाहावी. स्वस्त वेगवान भिंगांत फोकसच्या पुढे जांभळी आणि मागे हिरवी झाक येते. चष्म्याच्या चकाकत्या काडीचे किंवा कानातल्या दागिन्याचे एक चित्र काढून पाहिले की ती ताबडतोब कळते. कडेची रेखीवता ज्या तक्त्यांवर मोजतात त्यांना व्यक्तिचित्रणात फारसा अर्थ नाही. कडा सोडून देणे पेट्झवाल ह्यांनाही परवडले होते. आणखी एक पाहावे. व्हिल्ट्रॉक्ससारख्या काही उत्पादकांनी भिंगातच यूएसबीचे छिद्र ठेवून त्यातील सॉफ्टवेअर बदलण्याची सोय केली आहे. कॅमेऱ्याने उद्या नवे वाक्य उच्चारले तर ते शिकण्याची ही तरतूद होय, आणि ज्या भिंगात ती नाही ते कितीही स्वस्त असले तरी टाळावे असे माझे मत आहे.

सर्वांत अवघड स्थिती कॅननच्या आरएफ माउंटची. २०२२ साली कॅननने पेटंटांच्या आधारे हरकत घेतल्यावर व्हिल्ट्रॉक्सची स्वयंचलित आरएफ भिंगे बाजारातून गेली. त्यांत ८५ मिलिमीटर एफ/१.८ हेही होते. २०२४ साली सिग्मा आणि तामरॉन ह्यांस परवाना मिळाला तो लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यांसाठीच्या भिंगांपुरता. निकॉनने त्यापूर्वी, २०२२ आणि २०२३ साली, तामरॉन व सिग्मा ह्यांची निवडक भिंगे झेड माउंटवर येऊ दिली होती. पण कॅननच्या घराला मागचे एक दार राहिले आहे. जुन्या ईएफ माउंटचे अंतर ४४ मिलिमीटर, आरएफचे २०. मधले २४ मिलिमीटर भरून काढणारे कडे कॅनन स्वतःच विकते, आणि त्यातून जुन्या बोलीतील संकेत पलीकडे पोहोचतात. त्यामुळे २०१६ साली ईएफसाठी निघालेली सिग्माची आणि तामरॉनची ८५ मिलिमीटरची भिंगे, आता हातबदलीच्या बाजारात उतरलेली, आरएफ कॅमेऱ्यावर स्वयंचलित फोकससह वापरता येतात. तामरॉनचे एफ/१.८ असून त्यात कंपनरोधाची सोय आहे आणि वजन ७०० ग्रॅम, सिग्माचे एफ/१.४, पण ते कड्यावाचूनच ११३० ग्रॅम भरते. दोहोंत निवड करावयाची तर मी तामरॉनचे घेईन.